चार बाय आठ

टीअरड्रॉप ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरची झोपायची पेटी. चार फूट रुंद, आठ फूट लांब, आणि उंची इतकीच की आत बसलं तर डोकं टेकू नये. मागची बाजू उतरती. तिथलं झाकण वर उचललं की खाली ओटा, शेगडी आणि चार डबे. आत शिरायचं ते आडवं व्हायलाच. स्वयंपाक, गप्पा, भांडणं, सगळं बाहेर. अमेरिकेत १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, लोक ही पेटी घरच्या घरी ठोकून बनवू लागले. महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, एका अमेरिकन मासिकाने तिचा आराखडाच छापला. माप चार बाय आठ का, तर प्लायवूडची शीट तेवढी येते म्हणून.

ही सगळी माहिती मला नवऱ्याकडून मिळाली, बरेचदा मी विचारलेलं नसताना. निवृत्त झाल्यापासून त्याच्या डोक्यात एकच: पुण्याचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, सामान काढून टाकायचं आणि ही पेटी गाडीला जोडून कायमचं रस्त्यावर राहायचं. अधूनमधून सहलीला नव्हे, कायमचं. त्यासाठी त्याने घरातल्या वस्तूंची यादी केली होती. ठेवायचं, द्यायचं, विकायचं असे तीन रकाने. माझ्या सासूबाईंची पितळी भांडी, ज्यांवर कुणाकुणाच्या लग्नाच्या तारखा आणि ‘सप्रेम भेट’ कोरलंय, ती ‘द्यायचं’मध्ये होती. पुरणयंत्र ‘विकायचं’मध्ये. मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं पेपर तपासलेत, तेव्हा लाल पेन हाताशी होतंच.

आता आपल्याकडे कारमागे ओढायचं असलं घर विकत मिळवणं अवघड. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण त्याचा रोख मोठ्या गाड्या आणि त्या उभ्या करायच्या जागांवर. दोन म्हाताऱ्यांच्या पेटीला त्यात कोण विचारतो. मग नवऱ्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने सुचवलं, जालन्याला जा. तिथे लोखंड आहे, कारागीर आहेत, ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारे शेडच्या शेड आहेत. ज्याला दहा टन ऊस पेलणारी ट्रॉली जमते त्याला तुमची पेटी का नाही जमणार? म्हणून २०२४ची दिवाळी उरकल्यावर आम्ही निघालो.

‘जालना सोन्याचा पाळणा’ असं जुनी माणसं म्हणायची. आता सोन्याच्या जागी सळई आहे. भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या यांवर हे शहर उभं आहे. औद्योगिक वसाहतीत शिरलं की भंगाराचे ट्रक, हवेत करड्या धुराचा थर आणि रस्त्याच्या कडेला वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या. आम्हाला सांगितलेली शेड सापडली तेव्हा तिथे एकाला एक लागून ट्रॉल्या उभ्या होत्या. कुणाचे पाटे बदलत होते, कुणाचा हुक, कुणाला मागे लाल रेडियम चिकटवत होते. दहा-बारा दिवसांत राज्याचा गळीत हंगाम सुरू होणार होता.

मिस्त्रीने नवऱ्याचा आराखडा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. मग विचारलं, “यात कोंबड्या न्यायच्यात का?”

माणसं राहणार म्हटल्यावर त्याने आराखडा उलटा करून मागची बाजू बघितली, तिथे काही खुलासा आहे का म्हणून. पण माणूस कामाचा होता. अमेरिकन पुस्तकांनी नवऱ्याला चार प्रकरणांत शिकवलेली गोष्ट त्याने खडूने फरशीवर दोन रेघांत सांगितली: वजन एक्सलच्या थोडं पुढं पाहिजे, फार पुढं नको; मागं पडलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि गाडीलाही घेऊन जातो. “ओटा मागं, गॅस मागं, पाणी मागं. तुम्ही सगळं वजन शेपटीलाच बांधलंय.” पाण्याची टाकी पुढे सरकवा म्हणाला. आणि पासिंगचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मी नाही. काम करून देईन, पण आत्ता नाही. आत्ता ऊसवाल्यांची घाई आहे.

निघताना मात्र त्याने एक बोलून ठेवलं. “ट्रॉलीत घर कसं बसवतात ते बघायचं असेल तर मंठ्याकडं जा. तांड्या-तांड्यावर भरायलेत सध्या.”

जालना-मंठा रस्त्याला कापूस फुटलेला होता. सोयाबीन निघून गेलं होतं, पण विकलं गेलं नव्हतं. सरकारी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, त्यामुळे पोती घराघरात पडून. निवडणुकीचे दिवस होते. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि गाळपाला परवानगी १५ नोव्हेंबरपासून. या दोन तारखांमधल्या पाच दिवसांनी मराठवाड्यात किती गोंधळ घातला होता ते पुण्यात बसून कळलं नव्हतं. लाखो ऊसतोड कामगार मतदानाआधीच उसाच्या फडावर पोचणार. गाळप पुढे ढकला अशी मागणीही झाली होती. प्रचाराच्या गाडीवर उमेदवाराचं गाणं वाजत होतं आणि तिच्या समोरून भरलेली ट्रॉली निघून चालली होती, हे दृश्य आम्ही त्या दिवसांत वारंवार बघितलं.

ज्या तांड्यावर आम्ही थांबलो तिथे बंजारा समाजाची घरं. पक्की, विटांची, काही घरकुलातली. एका दारापुढे ट्रॉली उभी होती आणि पन्नाशीची एक बाई खालून हुकूम सोडत होती. सून आणि मुलगा वर. आम्ही पाणी मागितलं, मग बसलो, मग मी उठून मदतीला गेले, कारण भरलेल्या ट्रॉलीकडे नुसतं बघत बसणं मला जमत नाही.

तिच्या भरण्यात एक शिस्त होती. उतरल्यावर जे शेवटी लागणार ते सगळ्यांत आधी आत. ज्वारीची आणि तांदळाची पोती तळाला, मधोमध. त्यांच्या कडेने पत्र्याची पेटी. पेटीत कपडे, आणि कपड्यांच्या घडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आधारकार्डं, रेशनकार्ड, बाळाचं लसीकरणाचं कार्ड. त्यावर गोधड्या. मग परात, तवा, दोन पातेली, हंडा, कळशी. कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, बांबू एका कडेला उभे बांधलेले, ट्रॉलीच्या फळीबाहेर डोकं काढून. ताडपत्री सगळ्यांत वर, कारण फडावर पोचतात ती बहुधा रात्री, आणि अंधारात पहिल्यांदा ताडपत्रीच हाताला लागली पाहिजे. तिच्या शेजारी पाण्याचा ड्रम, काडेपेटी आणि रात्रीच्या भाकरीचं फडकं. कोयते वेगळे, पोत्यात गुंडाळून, चालकाच्या जवळ. डालग्यात तीन कोंबड्या. मिस्त्रीचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

टीव्ही, कपाट, लोखंडी पलंग, शिलाई मशीन हे सगळं घरातच राहणार होतं. कुलूप लावायचं नव्हतं, कारण म्हातारी सासू मागे राहणार होती. सोयाबीनची पोती, दोन शेळ्या आणि शाळेत जाणारा नातू तिच्या हवाली. ती ओट्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होती आणि मध्येच गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी बोलायची. त्यावर सून पुन्हा खाली उतरून एखादी वस्तू घरात ठेवून यायची. तिला रकाने लागत नव्हते.

नातवाची मोठी बहीण, दहा-अकरा वर्षांची, मात्र जाणार होती. बाळाला सांभाळायला कुणीतरी हवंच. शिकणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं. सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही काढली आहे आणि तिच्या जिल्ह्यांत जालना आहे. मास्तरीण असल्यामुळे मी हे सगळं त्या बाईला सांगू लागले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाई, फडावर बाळ कोण धरणार?” त्यावर माझ्याकडे योजना नव्हती.

नवऱ्याने मोबाइलवर आपल्या ट्रेलरचा फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून नीट पाहिला.

“झोपायलाच आहे की. चूल बाहेर.”

“हो.”

“उभं राहता येतं?”

“नाही.”

“म्हणजे कोपीच,” तिने निकाल दिला. आणि मग अगदी सहज विचारलं, “उचल किती घेतली?”

उचल म्हणजे मुकादमाने, मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने, हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखांपर्यंत उचल ठरते. ती लग्नात, दवाखान्यात, विहिरीत, बियाण्यात आधीच खर्च झालेली असते आणि सहा महिने तोडून फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा. तिच्या हिशेबात घर ट्रॉलीत भरून निघणाऱ्या माणसाने उचल घेतलेली असणारच; नाहीतर तो निघेल कशाला? मी सांगितलं, आम्ही कुणाकडून काही घेतलं नाही, उलट आमचेच पैसे घालतोय.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मग जाताय कशाला?”

नवऱ्याने स्वातंत्र्य, निसर्ग, कमी गरजा असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या शब्दाला त्याचं त्यालाच ते ऐकवेना, आणि तो बांबू बांधायला पलीकडे गेला.

मला त्यात अपराधी वाटावं असं काही नाही, असं मी तेव्हाही मानत होते आणि आताही मानते. हौस ही हौस आहे, तिला गरिबीचा पोशाख घालू नये आणि तिची लाजही बाळगू नये. पण लहान घर म्हणजे साधेपणा, ही जी ट्रेलरवाल्यांच्या जगातली लाडकी समजूत आहे, ती त्या ट्रॉलीपुढे टिकत नाही. ट्रॉलीतलं सामान कमी आहे म्हणून प्रवास हलका होत नाही. तो हलका होतो मागे काय ठेवलंय यावर, आणि परतायची तारीख कोण ठरवतं यावर. त्यांची तारीख कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की ठरते, म्हणजे मार्च किंवा एप्रिल. दर वाढतो तेव्हाही तो दुसऱ्यांच्या बैठकीत ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली तीही संपाच्या इशाऱ्यांनंतर आणि नेत्यांच्या वाटाघाटीत.

ट्रॉली दुपारी हलली. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर सात-आठ कोयत्यांचे संसार, आणि ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी. वाटूर फाट्यावरून परतूर, आष्टी, मग गोदावरी ओलांडून माजलगाव आणि पुढे सांगलीकडे. हाच रस्ता शेगावहून पंढरपूरला जातो. आम्ही परतूरपर्यंत तिच्या मागेमागे होतो. ट्रॅक्टर काही केल्या ताशी पंचवीसच्या वर जात नव्हता, आणि सुरुवातीला हॉर्न वाजवणारा माझा नवरा नंतर नंतर गप्प होऊन तो वेग बघू लागला.

बंजाऱ्यांना हे रस्ते नवे नाहीत. सतराव्या शतकात टाव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला, त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिल्याचं लिहून ठेवलंय. धान्य, मीठ लादलेले बैल, बरोबर बायका-मुलं, आणि तळ पडेल तिथे घर. फौजांचं पोट त्यांच्यावर चालायचं. याच जिल्ह्याच्या उत्तरेला, केळणा नदीकाठी असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या मोहिमेतल्या त्याच्या पत्रांत बंजाऱ्यांच्या बैलांची आणि धान्याची काळजी वारंवार येते. मग आगगाड्या आल्या. १९००च्या सुमारास मनमाडहून निजामाची रेल्वे जालन्यापर्यंत पोचली आणि बैलाच्या पाठीवरून मीठ नेण्यात अर्थ राहिला नाही. फिरत्या जमातींवर इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली होतीच. तो शिक्का कागदावरून निघायला १९५२ साल उजाडलं. ज्यांचे पूर्वज स्वतःचे बैल घेऊन, स्वतःचा भाव ठरवून फिरत, ते एका जागी स्थिरावले, त्यांनी विटांची घरं बांधली, आणि आता दरवर्षी सहा महिने ते परत रस्त्यावर असतात. फक्त चाकं दुसऱ्याची.

परतूरहून आम्ही घनसावंगीकडे वळलो, जांब समर्थला जायचं म्हणून. १६०८ साली नारायण सूर्याजीपंत ठोसर, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, इथे जन्मला आणि लग्नाच्या बोहल्यावरून पळाला, ही कथा मराठी माणसाला पाठ असते. मंदिरात गर्दी नव्हती. नवरा म्हणाला, बघ, सामान कमी करणं म्हणजे हे. मी म्हटलं, घरी कोण राहिलं ते पण बघ. आई राणूबाई आणि थोरला भाऊ गंगाधरपंत इथेच होते. परंपरा सांगते की मुलाच्या ध्यासाने आईची दृष्टी गेली आणि खूप वर्षांनी तो परतला. भटकणाऱ्याच्या नावाने मठ उभे राहतात. दिवाबत्ती करत बसलेल्यांकडे फारसं कुणी वळून बघत नाही. यावर आमच्यात गाडीत बसेपर्यंत थोडी चकमक झाली. तपशील देत नाही.

पण त्या चकमकीत एक गोष्ट मात्र ठरली. फ्लॅट पूर्ण भाड्याने द्यायचा नाही. एक खोली कुलूप लावून ठेवायची. गॅसची जोडणी, मतदारयादी, बँक, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळ्यांना पत्ता लागतो, आणि ‘सध्या रस्त्यावर’ हा पत्ता आपल्याकडच्या कुठल्याही अर्जात बसत नाही. त्या खोलीत सासूबाईंची भांडीही राहतील. पुरणयंत्रही. लेकीला बंगळुरूहून कधी यावंसं वाटलं तर निदान एक दार उघडता यायला हवं. नवऱ्याने याला तडजोड म्हटलं, मी नियोजन म्हटलं.

अंबड तालुक्यात शिरलं की ऊसच ऊस. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्याला मिळतं. अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, तीर्थपुरीला त्याचंच दुसरं युनिट. फडाच्या कडेला बाहेरगावच्या टोळ्यांनी कोप्या घालायला सुरुवात केली होती. इकडचे तोडायला तिकडे जातात आणि तिकडचे इकडे येतात, हे कोडं मी तिथल्या एका शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, घरच्या माणसावर मुकादमाचा जोर चालत नाही. दुपारी उठून घरी गेला तर? परक्या मुलखात कोपी सोडून जाणार कुठं?

एका कोपीत मी डोकावले. बांबू वाकवून रोवलेले, वर पाचट आणि त्यावर निळी ताडपत्री. आत एक माणूस जेमतेम पाय लांब करून झोपेल. पण दार पूर्वेकडे नव्हतं, ते फडाकडेही नव्हतं. शेजारच्या कोपीच्या दारासमोर होतं. सगळ्याच कोप्या अशा जोडीजोडीने. एकीचं मूल दुसरीला दिसलं पाहिजे. नवऱ्याच्या आराखड्यात खिडक्या कुठे असाव्यात यावर चार पानं होती, आणि ती चारही पानं देखाव्याबद्दल होती.

शहागडला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, आम्ही चहाला थांबलो. नदी ओलांडली की बीड जिल्हा. संध्याकाळ झाली होती आणि हॉटेलपुढे घनसावंगीकडून आलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. नवरा सरळ ट्रॅक्टरच्या मागे जाऊन हुकाच्या खिळीजवळ उकिडवा बसला. चालक टॉर्च घेऊन आला. त्याला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग दोघांनी मिळून खीळ, साखळी, मागचं रेडियम सगळं तपासलं. साखळी नेहमी दुहेरी ठेवा काका, तो म्हणाला, खिळीचा भरवसा नाही. नवऱ्याने ते वहीत लिहून घेतलं.

मी चालकाला विचारलं, वीस तारखेला मतदानाला परत येणार का?

“गाडीभाडं कोण देणार?” तो हसला. “मुकादम म्हणतो बघू. बघू म्हणजे नाहीच.”

“मग गावातली मतं?”

“म्हातारी आहे की घरी. चार पक्षांच्या गाड्या दारात येऊन गेल्या. तिला म्हणालो, आमच्या समद्यांचं तूच घालून ये.” ट्रॉलीच्या वरून कुणीतरी ओरडलं, की म्हातारी कुणाला मत देणार ते तिने अजून घरात कुणालाच सांगितलेलं नाही, आणि मग वरची सगळी मंडळी त्यावर एकदम बोलू लागली.